सर्व करांसहित लिंबाजी

निगडीला आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात कुणी दहा रुपयांचा बिस्किटपुडा घेतला, पैसे मोजले आणि "भरला!" असं खणखणीत ओरडलं, तर समजावं की लिंबाजी सरवदे आले. नवीन गिऱ्हाईक दचकतं. काय भरला? कुठं भरला? दुकानदार मानही वर करत नाही. "टॅक्स भरला म्हणतायत. तुम्हाला काय देऊ?"

लिंबाजीकाका आमच्या सोसायटीचे दिवसपाळीचे वॉचमन. मूळचे धाराशिवकडचे. साठी आत्ता कुठे आलीय, पण मिशी आधीच पांढरी झालीय. इंग्रजी त्यांना येत नाही. तरी पुड्यावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत 'किंमत सर्व करांसहित' अशी जी ओळ असते, ती ते नुसत्या आकारावरून ओळखतात. पुडा चष्म्याला लावतात, गोल फिरवतात, ओळ सापडली की तिच्याखाली नखाने रेघ ओढतात. मग "भरला!" साबण घेतला, भरला. चप्पल घेतली, भरला. मोबाइलचा रिचार्ज मारला, भरला. एकदा मेडिकलमध्ये गुडघ्याच्या मलमाची ट्यूब घेऊन इतक्या जोरात म्हणाले की मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंच्या कडेवरचं पोर रडायला लागलं.

लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात गेज असतं. चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे बारके पार्ट तपासण्यात त्यांची उमर गेली. गेज म्हणजे बोटाएवढा पोलादी दांडा. त्याचं एक टोक पार्टच्या भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. बस्स. एवढ्यावर माल पास की नापास ते ठरतं. रिटायर होताना कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते त्यांनी तळेगावच्या लेकीला देऊन टाकलं. झिजून कामातून गेलेलं गेज मात्र साहेबाला विचारून मागून घेतलं. आता ते वाट्टेल तिथे घालतात. नाक्यावरच्या अण्णाच्या गाडीवर मेदूवडा आला की आधी त्याच्या भोकात गेज. "नको ते टोक शिरलं. रिजेक्ट!" अण्णा बिचारा म्हणतो, "काका, चटणी जास्त घ्या, पण पास करा."

"सायब," ते मला सांगतात, "आमच्या लाईनीवर मालकाच्या मेव्हण्याचा माल आला तरी गेज त्येच असायचं. मेव्हणा हाय म्हणून भोक मोठं चालंल, असं न्हाई. ह्या टॅक्सला मात्र दोन गेज हायती. एक तुमच्या गिऱ्हाइकाचं, एक माझं."

माझी गिऱ्हाइकं म्हणजे कोण, ते सांगायला हवं. सोसायटीच्या तळमजल्यावर माझं ऑफिस आहे. मी लोकांचे टॅक्सचे अर्ज भरून देतो. सगळे मला सीए म्हणतात. मी सीए नाही. सीए व्हायला गेलो होतो, तीनदा आपटलो, आणि शेवटी पाटीवर नुसतं 'कर सल्लागार' लिहिलं. कर कसा भरावा हा सल्ला आजवर कुणी मागितलेला नाही. कसा भरू नये, एवढंच विचारतात.

हे 'भरला' प्रकरण कुठून सुरू झालं ते सांगायचं तर मला माझीच लाज वाटते. कारण मी तिथे होतो.

सोसायटीसमोर एक बाग आहे. सार्वजनिक, सगळ्यांची. लिंबाजीकाकांची बायको, कौसल्यामावशी, आमच्याच सोसायटीत चार घरची धुणीभांडी करतात. दुसरं घर आटोपून तिसरं सुरू व्हायला पाऊण तास असतो. गुडघे पार गेलेत बिचारीचे. तेवढा पाऊण तास त्या बागेत करंजाखालच्या बाकावर बसायच्या. बसायच्या म्हणजे काय, अगदी टोकाला, पिशवी मांडीवर धरून, पाठ न टेकता. कुणीतरी आत्ता हाक मारील अशा.

एका सकाळी मी आणि आमचे चेअरमन मोहोळकर फेऱ्या मारत होतो. मोहोळकरांचे चाकणला दोन शेड आहेत, आणि तेव्हा ते माझे सगळ्यात मोठे अशील होते. त्यांना दम लागला. बाकी बाक भरलेले. ते मावशींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ओ मावशी, उठा. हे बाक टॅक्स भरणाऱ्यांसाठी आहेत. तुम्ही लोक तिकडे कट्ट्यावर बसत जा."

मावशी उठल्या. "चुकलं सायब," म्हणाल्या. चुकलं म्हणाल्या हो! आणि मी काय केलं? मी खाली वाकून बुटाची लेस बांधली. सुटलेली नव्हती, तरी बांधली.

आता या मोहोळकरांचा टॅक्स किती, ते वर देवाला आणि खाली मला ठाऊक. गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, गोव्याची सहल म्हणजे ग्राहकांच्या भेटी. घरचा कुत्रा कागदावर शेडचा रखवालदार आहे, त्याची बिस्किटं सुरक्षेच्या खर्चात जातात. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, म्हणून मावळातल्या त्यांच्या जमिनीवर दरवर्षी कागदोपत्री इतके आंबे लागतात की विचारू नका. मी त्या जमिनीवर जाऊन आलोय. एक बाभूळ आहे. तर असा हा टॅक्स भरणारा माणूस! आणि हे सगळं त्यांना बसवून कुणी दिलं? मीच दिलं. फी घेऊन दिलं.

त्या दिवसापासून मावशी बागेत जाईनाशा झाल्या. पाऊण तास त्या मीटरच्या खोलीबाहेरच्या पायरीवर काढू लागल्या. तिथे डास, वर पार्किंगमधला गाड्यांचा धूर. काकांनी हर प्रकारे समजावलं. "चल, मी बसतो तुझ्या शेजारी. बघू कोण उठवतंय." मावशी ऐकेनात. "एकदा उठले. पुन्यांदा कुणी उठवलं तर मला सोसायचं न्हाई. माझा हक्क असंल तर बसंन, न्हाईतर ही पायरी बरी."

झालं. काकांनी हाय खाल्ली नाही, पण ध्यास घेतला. कौशीला बाकावर बसवायचंच, आणि तेही हक्काने. तेव्हापासून 'भरला' सुरू झालं. मोहोळकरांची गाडी आली की फाटक उघडायचं, सलाम ठोकायचा आणि खिशातला बिस्किटपुडा उंच धरून म्हणायचं, "भरला, सायब!" मोहोळकरांना वाटलं, उन्हाचा परिणाम.

आणि एक दिवस काका पिशवी घेऊन माझ्या ऑफिसात आले. टेबलावर उपडी केली. मला वाटलं बिलं असतील. कसली बिलं! चहाची, साबणाची, बिस्किटांची, तेलाची रिकामी पाकिटं, घडी करून इस्त्री केल्यासारखी चपटी. प्रत्येकावर त्या ओळीखाली नखाची रेघ. मागोमाग मुंग्याही आल्या.

"काका, काय आहे हे?"

"टॅक्स. सा म्हैन्यांचा. माझा आन् कौशीचा. आता मला दाखला द्या, ह्या दोघांनी टॅक्स भरला म्हणून."

मी त्यांना नीट समजावलं. पेन्शन एवढी, पगार तेवढा, मावशींचं उत्पन्न तर नावालाच. सगळं मर्यादेच्या आत. "तुमचा दोघांचा टॅक्स शून्य येतो."

"शून्य?" काका उभे राहिले. "मग हे काय हाय? प्रसाद हाय?"

"तो वेगळा टॅक्स, काका. तो वस्तूवरचा. तो या अर्जात धरत नाहीत. त्याला इथे रकाना नाही."

"न्हाई म्हंजे? पैशे घ्यायला हात हाय, नाव लिवायला रकाना न्हाई?" आवाज चढला. "सायब, त्या चेअरमनचा कुत्रा जी बिस्किटं खातो, तीच आमी चहात बुडवून खातो. टॅक्स तेवढाच. कुत्र्याचं बिल कंपनीच्या नावानं फाटतं, त्यांचा डायवरच सांगतो. फरक इतकाच की कुत्र्याचा तुमी हिशेबात घालून वळता करून देता, आमचा गेला तो गेला. आमी शंभर रुपये कमावले की शंभरच्या शंभर दुकानात जात्यात, आन् शंभरावर टॅक्स बसतो. त्यांच्या शंभरातले नव्वद घरी पडून पिल्लं घालत्यात. त्या पिल्लास्नी कोन टॅक्स लावतंय? आन् वरून बाकावरून उठवनार कुनाला? कौशीला!"

मी चिडलो. आधी मुंग्यांवर चिडलो, मग काकांवर. "अहो, मी केलाय का हा कायदा?" वगैरे काहीतरी बोललो. काकांनी सगळी पाकिटं एकेक करून परत पिशवीत भरली, खिशातलं गेज काढलं, माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर टकटक वाजवलं आणि "रिजेक्ट" म्हणून निघून गेले. ते गेल्यावर मला खरा राग आला, तो माझाच. त्या माणसाच्या बोलण्यातली एकही ओळ मला खोडता आली नव्हती.

पुढे एप्रिल आला. ज्यांची बँकेत ठेव असते पण उत्पन्न कमी असतं, अशी माणसं एप्रिलमध्ये बँकेला एक फॉर्म देतात. पंधरा-जी. त्यात लिहिलेलं असतं, माझ्यावर कर लागत नाही, माझ्या व्याजातून कापू नका. काकांच्या पीएफच्या पैशाची ठेव होती, म्हातारपणाला म्हणून राखलेली. बँक ज्याच्या पुढे कर कापते, त्या मर्यादेच्या व्याज जरा वर जायचं. बँकेतल्या बाईंनी सवयीने फॉर्म पुढे सरकवला. काकांनी तो त्यांच्याकडून मराठीत वदवून घेतला.

"म्हंजे मी टॅक्स भरत न्हाई, असं माझ्याच सहीनं लिवून देऊ?"

"काका, तुमच्या फायद्याचं आहे. नाहीतर व्याजातून कापला जाईल."

"कापला जाईल? नावानिशी?"

"हो, नावानिशीच."

काकांनी फॉर्म असा परत सरकवला जसा कुणी ताटातला माशी पडलेला भात सरकवावा. बँकेच्या बाई मला नंतर म्हणाल्या, इतक्या वर्षांत टॅक्स कापा म्हणून हट्ट धरणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

वर्ष संपल्यावर दाखला आला. कर कापल्याचा. काका ऑफिसात शिरले तेच "भरला!" करत. समोर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांच्या हातातला चहा सांडला. मी कागद पाहिला. जवळजवळ त्यांचा अर्ध्या महिन्याचा पगार कापला गेला होता.

"काका, काळजी करू नका," मी म्हणालो. "आत्ता अर्ज भरतो. सगळेच्या सगळे परत मिळतील तुम्हाला."

"परत?" त्यांनी कागद माझ्या हातातून ओढूनच घेतला. "परत कशापायी? परत घेतला म्हंजे भरला न्हाई ना? मग हा कागद खोटा पडायचा. पास झालेला जॉब लाईनीवरून उचलून पुन्ना रिजेक्टच्या पेटीत टाकू का काय?"

"अहो, तुमचे हक्काचे पैसे आहेत!"

"हक्काचा हा कागद हाय, सायब. पैशे ऱ्हाऊ द्या तिकडं."

माझे पाच-पाच बंगलेवाले अशील परताव्याचे बारा रुपये उशिरा आले तर मला फोनवर फोन करतात. आणि हा गेटवर बारा तास उभा राहणारा माणूस आपले पैसे सोडतोय! मी ओरडलो, विनवलं, शेवटी हात जोडले. ते सरळ झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि कागदाला प्लास्टिक चढवून आणलं.

मग तो कागद घेऊन मीटरच्या खोलीच्या पायरीवर. मी स्कूटर काढत होतो, म्हणून सगळं समोरच घडलं. मावशींनी ओले हात पदराला पुसले, कागद घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"यात माझं नाव कुठंय?"

काका गडबडले. "माझं हाय की. माझं म्हंजे तुझंच."

"मग बाकावर तुमी बसा," मावशी म्हणाल्या आणि तिसऱ्या घराकडे निघून गेल्या.

काका कागद हातात धरून तसेच उभे. मीच म्हणालो, "जाऊ द्या काका, बायकांचं असंच असतं." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट स्कूटरला किक मारली.

चार दिवसांनी मोहोळकर माझ्या केबिनमध्ये बसले होते. एक नवा प्लॉट घ्यायचा होता, तो सौभाग्यवतींच्या नावावर कसा दाखवायचा याची चर्चा चालली होती. सौभाग्यवतींच्या नावावर आधीच एक शेड, दोन दुकानं आणि शिवणकामाचा एक व्यवसाय होता. त्या बाईंना सुईत दोरा ओवता येत नाही. एवढ्यात दार ढकलून लिंबाजीकाका आत आले.

"सायब, ठेव मोडायची हाय. सगळी बायकोच्या नावावर करायची."

मोहोळकर खदाखदा हसले. "घ्या! आता वॉचमनसुद्धा शहाणे झाले. टॅक्स वाचवायला बायकोच कामाला येते, काय?"

"वाचवायला न्हाई, सायब," काका म्हणाले. "तिचा कापला जावा म्हणून. तिच्या नावानं."

मग मोहोळकरांनी माझ्याकडे पाहून डोक्याजवळ बोट फिरवलं, म्हणजे स्क्रू ढिला. आणि माझं काय झालं कुणास ठाऊक. दीड वर्ष ती लेस माझ्या पायात अडकून पडली होती.

"साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबा," मी म्हणालो. "यांचं काम आधी करतो."

"अहो, मी आधी आलोय!"

"बाहेर बाक आहे. बसा."

ते बसले नाहीत. फाइल उचलून जे गेले ते गेलेच, आता कुठल्या तरी दुसऱ्या सल्लागाराकडे त्यांचे आंबे पिकतात. घरी बायकोने विचारलं, "एवढा मोठा क्लायंट सोडलात, आता काय उजेड पाडणार?" काकांना कामावरून काढायचं बोलणंही सोसायटीत निघालं होतं, पण एवढ्या पगारात बारा तास उभा राहणारा माणूस दुसरा मिळेना, म्हणून ते विरलं.

मी काकांना बसवून पाणी दिलं. म्हणालो, "ठेव मोडली तर व्याज बुडेल थोडं. शिवाय दरवर्षी असेच पैसे जाणार. विचार केलाय का?"

"केलाय," ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "तीस साल मी लोकांचा माल तपासला, सायब. घरात ही बाई मालासारखी राबली, तिला कधी कुनी पास म्हनलं न्हाई. म्याबी न्हाई. त्या दिवशी बागेतनं आली आन् मला सांगायलीय, आवो, माझं चुकलं, म्या बसायला नको हुतं. मला सांगायलीय! तिचं काय चुकलं हुतं?"

कायद्याच्या दृष्टीने या सगळ्यात एक गाठ आहे. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज शेवटी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. ती गाठ मोहोळकरांसारख्यांना मी फी घेऊन सोडवून देत असे. काकांना मी ती सांगितलीच नाही. बँकेच्या कागदावर मावशींचं नाव येणार होतं, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

मावशींचं पॅनकार्ड मी काढून दिलं. बँकेत त्या नवं लुगडं नेसून आल्या. बाईंनी पुन्हा सवयीने तो फॉर्म पुढे केला. "मावशी, इथे सही करा, म्हणजे टॅक्स कापणार नाही."

मावशींनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग फॉर्मकडे. "न्हाई बाई," म्हणाल्या, "कापा."

वर्षभराने दाखला आला तो मीच छापून नेला. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील, दुसरं आणि तिसरं घर यांच्यामधली वेळ. मावशी पायरीवर होत्या. मी कागदावरचं नाव बोटाने दाखवलं, इंग्रजीतलं एकेक अक्षर वाचून. कौसल्या लिंबाजी सरवदे. त्यांनी त्या नावाखाली नखाने रेघ ओढली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि रस्ता ओलांडून बागेत गेल्या. मागे काका, मागे मी.

करंजाखालचा बाक मोकळा होता. मावशींनी पदराने तो पुसला आणि मधोमध बसल्या. पिशवी बाजूला ठेवली. आणि पाठ टेकली. अगदी सगळी, खांद्यापर्यंत. डोळे मिटून घेतले.

तिकडे फाटकाशी मोहोळकरांची गाडी येऊन हॉर्न वाजवत होती. काका जागचे हलले नाहीत. टोपी काढून हातात धरली होती, आणि 'भरला' हा शब्दसुद्धा त्यांना आठवत नव्हता. हॉर्न पुन्हा वाजला. "वाजू दे मेल्याला," मीच म्हणालो.

मावशींनी डोळे उघडले. मी समोर उभाच होतो. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारच्या फळीवर हात थोपटला.

"बसा की सायब. जागा हाय."

मी बसलो. अगदी टोकाला. पाठ न टेकता.